षड्ज बदलला की सप्तक बदलते

दिंडोरी तालुक्यातील भजनी मंडळांत संवादिनी, म्हणजे रोजच्या बोलण्यातली पेटी, हे मुख्य स्वरवाद्य असते आणि टाळ-मृदंगाच्या गजरात गायकाला सुराचा आधार देण्याचे काम बहुतांशी तिच्यावर येते. या पेटीवर एका सप्तकात सात पांढऱ्या आणि पाच काळ्या अशा बारा पट्ट्या असतात. गायक 'काळी एक' किंवा 'पांढरी चार' असे सांगतो, तेव्हा तो राग सांगत नसतो आणि थाटही सांगत नसतो. आपला षड्ज किती उंचीवर धरायचा, एवढेच तो वादकाला कळवत असतो. या उंचीला पट्टी म्हणतात, आणि पेटीवाले तिलाच 'स्केल' असेही म्हणतात. पाश्चात्त्य संगीतशास्त्रात मात्र स्केल म्हणजे उंचीच्या क्रमाने मांडलेली स्वरांची श्रेणी, आणि मोड म्हणजे त्याच श्रेणीतील एखाद्या स्वराला आधार मानल्यावर तिला येणारे विशिष्ट रूप. पट्टी, श्रेणी आणि आधारभेदाने होणारे तिचे रूप या तीन गोष्टी एकमेकींत मिसळल्या की संगीतशास्त्राचे पुस्तक अकारण दुर्बोध होते. म्हणून या प्रकरणात त्या आधी वेगळ्या करून घेतल्या आहेत.

पट्टी बदलल्याने श्रेणी बदलत नाही. काळी एकमध्ये म्हटलेला भूपातला अभंग पांढरी चारमध्ये म्हटला, तर सगळे स्वर सारख्याच प्रमाणात वर सरकतात, त्यांची परस्परांतील अंतरे जशीच्या तशी राहतात आणि ऐकणाऱ्याला तोच अभंग, तोच भूप ऐकू येतो. स्केल चेंजर पेटीत पट्ट्यांचा संचच खालच्या सुरांवर सरकवण्याची सोय असते, त्यामुळे वादकाची बोटे सवयीच्या जागीच राहतात आणि आवाजाची उंची तेवढी बदलते. याच्या नेमकी उलट कृती केली, म्हणजे पट्ट्या त्याच ठेवल्या आणि त्यांतला षड्ज मात्र दुसऱ्या पट्टीवर नेला, की श्रेणीचे रूप पालटते. मोड या संकल्पनेचा उगम या कृतीत आहे.

ही कृती पेटीवर सहज करून पाहता येते. सप्तकातील लागोपाठच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराला, मग त्या काळ्या असोत की पांढऱ्या, अर्धस्वर म्हणावे आणि अशा दोन अंतरांना पूर्णस्वर. पांढरी एक हा षड्ज धरून केवळ पांढऱ्या पट्ट्यांवरून वर गेले, तर पूर्ण, पूर्ण, अर्ध, पूर्ण, पूर्ण, पूर्ण, अर्ध अशी अंतरे येतात आणि सगळे स्वर शुद्ध लागतात. हा बिलावल थाट होय. आता पांढरी दोनला षड्ज मानले आणि शेजारी सूरपेटी किंवा तानपुरा त्याच सुरात लावून ठेवला, तर त्याच सात पांढऱ्या पट्ट्यांतून कोमल गंधार आणि कोमल निषाद ऐकू येतात, म्हणजे काफी थाट उभा राहतो. पांढरी तीनवरून निघाल्यास ऋषभ, गंधार, धैवत आणि निषाद असे चारही स्वर कोमल होऊन भैरवी मिळते, पांढरी चारवरून तीव्र मध्यमाचा कल्याण मिळतो, पांढरी पाचवरून केवळ निषाद कोमल असलेला खमाज मिळतो आणि पांढरी सहावरून गंधार, धैवत व निषाद कोमल असलेली आसावरी मिळते. एकाही काळ्या पट्टीला बोट न लावता सहा थाट हाती येतात. युरोपात याच सहा रूपांना अनुक्रमे आयोनियन, डोरियन, फ्रिजियन, लिडियन, मिक्सोलिडियन आणि इओलियन अशी नावे आहेत.

या प्रयोगात सूरपेटी ही गौण बाब नाही. ती बंद ठेवून पांढरी दोनपासून पांढरी दोनपर्यंत नुसती बोटे फिरवली, तर सवयीचा कान पांढरी एकलाच षड्ज मानत राहतो आणि त्याला बिलावलच मध्यापासून सुरू झाल्यासारखा भासतो. सुरुवात कोठून केली यावर मोड ठरत नाही; कोणत्या स्वरावर विसावा मिळतो आणि इतर स्वर कोणत्या स्वराच्या संदर्भात ऐकले जातात यावर तो ठरतो. एकच पट्टी एका आधारावर शुद्ध गंधार असते, दुसऱ्या आधारावर ऋषभ असते आणि तिसऱ्या आधारावर षड्ज असते. स्वराचे नाव हे त्याच्या उंचीचे नाव नाही, नात्याचे नाव आहे, ही गोष्ट भारतीय संगीताने फार लवकर ओळखली आणि कधीही सोडली नाही.

सातवी पांढरी पट्टी मात्र अडते. तिला षड्ज मानल्यास पाचव्या जागी येणारा स्वर सात अर्धस्वरांवर न येता सहाच अर्धस्वरांवर येतो, म्हणजे शुद्ध पंचम मिळतच नाही. पाश्चात्त्य शास्त्राने या रूपाला लोक्रियन असे नाव देऊन ठेवले असले, तरी त्याचा प्रत्यक्ष उपयोग तेथेही क्वचितच झाला, आणि षड्ज-पंचमात जुळवलेल्या तानपुऱ्याबरोबर तर ते नांदूच शकत नाही. पंचम वर्ज्य असलेले मारवा किंवा मालकंस यांसारखे राग आहेत हे खरे. पण पंचम वगळणे वेगळे आणि त्याच्या जागी अर्ध्या स्वराने उतरलेला स्वर बसवणे वेगळे. हिंदुस्थानी पद्धतीत पंचम अचल मानला जातो, म्हणून सातव्या पट्टीवरचे रूप थाटांच्या यादीत आले नाही.

या सगळ्या व्यवस्थेचे जुने शास्त्र मूर्च्छना या नावाने प्रसिद्ध आहे. नाट्यशास्त्रात भरताने सप्तकाचे बावीस श्रुतींत विभाजन सांगितले आहे आणि स्वरांच्या दोन मूळ मांडण्या दिल्या आहेत. या मांडणीला ग्राम म्हणतात. षड्जग्रामात षड्जाला चार, ऋषभाला तीन, गंधाराला दोन, मध्यमाला चार, पंचमाला चार, धैवताला तीन आणि निषादाला दोन श्रुती असतात. प्रत्येक स्वर आपल्या शेवटच्या श्रुतीवर उभा असल्यामुळे षड्जापासून ऋषभ तीन श्रुतींवर, ऋषभापासून गंधार दोन श्रुतींवर आणि गंधारापासून मध्यम चार श्रुतींवर येतो. दोन श्रुतींच्या अंतराला अर्धस्वर आणि तीन वा चार श्रुतींच्या अंतराला पूर्णस्वर असा स्थूल हिशेब धरला, तर भरताचा षड्जग्राम आजच्या काफीच्या जवळ येतो. बिलावलाला शुद्ध सप्तक मानण्याची पद्धत पुष्कळ नंतरची आहे.

ग्रामातील एकेका स्वरापासून क्रमाने सात स्वरांचा आरोह-अवरोह केला की एकेक मूर्च्छना होते. दोन ग्रामांच्या मिळून अशा चौदा मूर्च्छना होतात. षड्जग्रामाच्या सात मूर्च्छना वरून खाली या क्रमाने मोजल्या जातात: षड्जापासून उत्तरमंद्रा, निषादापासून रजनी, धैवतापासून उत्तरायता, पंचमापासून शुद्धषड्जा, मध्यमापासून मत्सरीकृता, गंधारापासून अश्वक्रांता आणि ऋषभापासून अभिरुद्गता. वरचाच स्थूल हिशेब लावला, तर उत्तरमंद्रेत काफी, रजनीत बिलावल, शुद्धषड्जेत आसावरी, मत्सरीकृतेत खमाज, अश्वक्रांतेत कल्याण आणि अभिरुद्गतेत भैरवी दिसते, आणि उत्तरायतेत ती पंचमहीन सातवी श्रेणी दिसते. पेटी ज्या काळी अस्तित्वात नव्हती आणि सप्तकाचे बारा समान भाग करण्याची कल्पनाही नव्हती, त्या काळच्या शास्त्रकारांनी हे चक्र पुरे केले होते आणि प्रत्येक रूपाला स्वतंत्र नावही दिले होते.

दोन ग्रामांची गरज का पडली, याचे उत्तर या शास्त्राच्या गाभ्याशी नेते. नऊ किंवा तेरा श्रुतींच्या अंतरावरील दोन स्वर परस्परांचे संवादी असतात, असा नियम आहे; आजच्या भाषेत नऊ श्रुती म्हणजे षड्ज-मध्यमाचे अंतर आणि तेरा श्रुती म्हणजे षड्ज-पंचमाचे. षड्जग्रामात षड्ज आणि पंचम यांच्यात तेरा श्रुती आहेत, म्हणून त्यांचा संवाद आहे. परंतु पंचम आणि ऋषभ यांच्यात दहाच श्रुती आहेत, म्हणून त्यांचा संवाद नाही. आता पंचम एका श्रुतीने खाली उतरवला, तर पंचम-ऋषभ अंतर नऊ श्रुतींचे होऊन तेथे संवाद जुळतो, पण त्याच वेळी षड्ज-पंचम अंतर बारा श्रुतींचे होऊन तेथला संवाद तुटतो. या दुसऱ्या मांडणीत पंचमाला तीन आणि धैवताला चार श्रुती मिळतात, आणि तिलाच मध्यमग्राम म्हणतात. एका श्रुतीच्या फरकावर दोन ग्राम उभे राहिले, आणि तो फरक कानाने पटावा म्हणून भरताने दोन सारख्या वीणा घेऊन त्यांतल्या एकीच्या तारा पायरीपायरीने उतरवण्याचा प्रयोग सांगितला. भारतीय संगीतशास्त्रातील सर्वांत सुंदर युक्तिवादांमध्ये त्याची गणना केली पाहिजे. पेटीवर तो करता येत नाही, कारण तिच्या बारा पट्ट्या समान अंतरावर बसवलेल्या असतात आणि तीन श्रुतींचे अंतर व चार श्रुतींचे अंतर तिच्यावर एकच होऊन जाते. पेटीने मूर्च्छनेचा सांगाडा कळतो, तिची कांती कळत नाही.

या परंपरेचा सर्वांत व्यवस्थित ग्रंथ महाराष्ट्रात लिहिला गेला, ही बाब मराठी वाचकाला पुरेशी परिचित नाही. शार्ङ्गदेवाचा 'संगीतरत्नाकर' हा तेराव्या शतकातील ग्रंथ देवगिरीच्या यादव दरबारात, सिंघण राजाच्या कारकिर्दीत सिद्ध झाला. हा राजा साधारणपणे 1210 ते 1247 या काळात राज्यावर होता. शार्ङ्गदेवाचे घराणे मूळचे काश्मीरचे होते, त्याचा पिता सोढल यादवांच्या सेवेत होता आणि स्वतः शार्ङ्गदेव राज्याच्या हिशेबखात्याचा अधिकारी होता. देवगिरीला जाण्याआधी यादवांची सत्ता आजच्या नाशिक जिल्ह्यातच रुजली होती. त्यांचे आरंभीचे ठाणे चंद्रादित्यपूर म्हणजे चांदवड, आणि पुढचे सिन्नर. दिंडोरी तालुका चांदवडला लागूनच आहे, आणि हा सारा प्रदेश यादवांच्या सेउणदेशात मोडत असे. सात अध्यायांच्या या ग्रंथात पहिलाच अध्याय स्वराचा आहे, आणि श्रुती, ग्राम, मूर्च्छना व जाती यांचे इतके शिस्तबद्ध विवेचन त्यात आहे की पुढच्या शास्त्रकारांना कोणताही वाद घालायचा झाला तरी 'रत्नाकर' समोर ठेवूनच घालावा लागला.

तरीही शार्ङ्गदेवानंतरच्या काही शतकांत मूर्च्छना व्यवहारातून मागे पडली. याचे मुख्य कारण वाद्यांत शोधावे लागते. प्राचीन वीणा धनुष्याच्या आकाराच्या होत्या आणि त्यांत प्रत्येक स्वराला स्वतंत्र तार असे. चित्रा वीणेला सात तारा आणि मत्तकोकिलेला एकवीस. अशा वाद्यावर कोणत्याही तारेला आधार मानून पुढे जाणे स्वाभाविक होते. पुढे पडदे बसवलेल्या वीणा रूढ झाल्या, आणि षड्जाचा नाद अखंड चालू ठेवणाऱ्या तारांना महत्त्व आले. षड्ज एकदा असा खिळला की तो दुसऱ्या स्वरावर नेण्यापेक्षा त्याच षड्जावर गंधार, धैवत कोमल की शुद्ध हे बदलत जाणे सोयीचे ठरते. वारकऱ्यांच्या अखंड हरिनाम सप्ताहात या स्थिर आधाराचे एक रूप आजही पाहायला मिळते: सात दिवस वीणेचा पहारा चालतो, एका वीणेकऱ्याच्या हातून वीणा दुसऱ्याच्या गळ्यात जाते, पण ती खाली ठेवली जात नाही आणि तिच्या मोकळ्या तारांचा नाद थांबत नाही.

स्थिर षड्जाच्या या संगीताला मूर्च्छनेऐवजी वेगळे वर्गीकरण हवे होते. दक्षिणेत रामामात्याने 1550 साली 'स्वरमेलकलानिधि' या ग्रंथात मेल मांडले, सतराव्या शतकात व्यंकटमखीने 'चतुर्दंडिप्रकाशिके'त गणिती पद्धतीने त्यांची संख्या 72 पर्यंत नेली, आणि या पद्धतीचा अभ्यास करून पंडित विष्णु नारायण भातखंडे (1860-1936) यांनी हिंदुस्थानी संगीतासाठी दहा थाट निवडले. बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी आणि तोडी ही ती नावे. यांतील सहा थाट पांढऱ्या पट्ट्यांवर आधार फिरवून मिळतात हे वर आलेच आहे. उरलेले भैरव, पूर्वी, मारवा आणि तोडी हे चार त्या चक्रातून कधीही मिळणार नाहीत, कारण त्या चौघांतही कोठे ना कोठे तीन अर्धस्वरांची एकसंध उडी आहे: भैरवात कोमल ऋषभापासून शुद्ध गंधारापर्यंत आणि पुन्हा कोमल धैवतापासून शुद्ध निषादापर्यंत, मारव्यात कोमल ऋषभ ते शुद्ध गंधार, तोडीत कोमल गंधार ते तीव्र मध्यम. पूर्ण आणि अर्ध अशी दोनच अंतरे असलेले चक्र कोठूनही फिरवले तरी त्यात तिसरे अंतर उत्पन्न होत नाही. भातखंड्यांचे दहा थाट एका तत्त्वातून निघालेले नाहीत, ही त्यांच्यावरची जुनी टीका योग्य आहे. परंतु प्रचारातील बहुसंख्य राग कमीत कमी कप्प्यांत बसवायचे हा त्यांचा हेतू होता, आणि त्या हेतूला ती निवड बरीच पुरी पडली.

मात्र थाट म्हणजे राग नव्हे, आणि मोडही नव्हे. मारवा, पूरिया आणि सोहनी हे तीन राग पाहावेत. तिघांत स्वर तेच: षड्ज, कोमल ऋषभ, शुद्ध गंधार, तीव्र मध्यम, शुद्ध धैवत आणि शुद्ध निषाद, पंचम तिघांतही वर्ज्य. मारव्यात कोमल ऋषभ आणि धैवत यांना इतके बळ मिळते की षड्ज बराच वेळ टाळला जातो आणि विसाव्याचे ठिकाणच दूर गेल्यासारखे वाटते. पूरियात वजन गंधार आणि निषादावर येते आणि राग मंद्र व मध्य सप्तकात रमतो. सोहनी चपळाईने वर चढते आणि तार षड्जाभोवती खेळते. पेटीवर तिन्हींसाठी त्याच पट्ट्या दाबल्या जातात, पण संध्याकाळचा मारवा आणि उत्तररात्रीची सोहनी यांत कोणताही जाणता श्रोता गल्लत करत नाही. भूप आणि देशकार यांचेही असेच आहे. स्वर तेच पाच, पण भूपात वादी म्हणजे प्रमुख स्वर गंधार आणि देशकारात धैवत.

युरोपातील मध्ययुगीन चर्चसंगीताचे मोडही मुळात एवढे कोरडे नव्हते. तेथे मोड ओळखताना गीत कोणत्या स्वरावर संपते, कोणत्या स्वरावर पठण रेंगाळते आणि गीताचा विस्तार आधारस्वराच्या वर किती व खाली किती, हे तिन्ही पाहत असत; न्यास, वादी आणि मंद्र-तार हे शब्द परिचित असलेल्या मराठी वाचकाला हे निकष आपलेच वाटतील. 1547 साली ग्लारेआनुस या विद्वानाने आठ मोडांचे बारा केले. पुढच्या काळात सुरावटीपेक्षा अनेक सुरांच्या एकत्र मेळाला प्राधान्य मिळाल्यावर मोडांची संख्या व्यवहारात मेजर आणि मायनर या दोनांवर आली, आणि उरलेली रूपे लोकगीतांत व धर्मगीतांत टिकून राहिली. तिकडे मोडातील लक्षणे झडत गेली आणि श्रेणी उरली. इकडे श्रेणी दुय्यम झाली आणि लक्षणे वाढत जाऊन राग झाला. म्हणून काफी म्हणजे डोरियन हे समीकरण श्रेणीपुरते खरे आहे, काफी रागाविषयी त्याने काहीच सांगितले जात नाही.

मूर्च्छना अशी मागे पडली तरी कलावंतांच्या हातून पूर्णपणे सुटली नाही. भूपाचे पाच स्वर घेऊन त्यांतील ऋषभाला षड्ज मानले तर मधमाद सारंगाचे स्वर दिसतात, गंधाराला मानले तर मालकंसाचे, पंचमाला मानले तर दुर्गेचे आणि धैवताला मानले तर धानीचे. मैफलीत गायक किंवा वादक एखादा राग रंगवत असताना क्षणभर विसाव्याचा स्वर हलवतो, श्रोत्यांना दुसऱ्याच रागाची छाया दिसते, आणि लगेच तो मूळ षड्जावर परत येतो. ही करामत बेताने केली तर फार आनंद देते; पण तानपुरा मूळ षड्ज बजावत असताना ती लांबवली तर मूळ रागाचा रंग उतरतो.

पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी आयुष्याची अखेरची वर्षे नाशिकच्या रामनाम आधार आश्रमात घालवली, आणि 1931 साली ते निवर्तल्यावर त्यांच्या शिष्यांनी उभारलेल्या मंडळाच्या परीक्षांमुळे संगीताचे शिक्षण महाराष्ट्राच्या लहान गावांतही पोहोचले. त्या परीक्षांना बसणारे विद्यार्थी थाटांची नावे आणि त्यांचे कोमल-तीव्र स्वर बिनचूक पाठ म्हणतात. मूर्च्छना मात्र त्यांच्यापुढे येते ती प्राचीन शास्त्राची व्याख्या म्हणून. हा क्रम उलटा असायला हवा. शिक्षकाने विद्यार्थ्याला थाटाची यादी देण्याआधी सूरपेटी पांढरी दोनमध्ये लावून द्यावी, फक्त पांढऱ्या पट्ट्यांवर फिरू द्यावे, नंतर ती पांढरी तीनमध्ये लावावी आणि काय बदलले ते विद्यार्थ्यालाच विचारावे.